उन्हाळ्यात लॉनला टँकर, पावसाळ्यात स्लॅबचं पाणी गटारात: नगरच्या अंगणात देशी झाडं आणि रेन गार्डन कसं बसवतात?

नगर शहरातल्या एखाद्या बंगल्यापुढे एक हजार चौरस फुटांचं लॉन आहे असं समजा. फेब्रुवारी ते मे हे चार महिने ते हिरवंगार ठेवायचं तर रोज सरासरी 5 मिलिमीटर पाणी द्यावं लागतं. मिलिमीटर हा पावसाचा हिशेब वाटतो, पण लिटरमध्ये मांडला की डोळे उघडतात. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे बरोबर एक लिटर. हजार चौरस फूट म्हणजे 93 चौरस मीटर. म्हणजे दिवसाला 465 लिटर आणि 120 दिवसांत जवळपास 56 हजार लिटर. दहा हजार लिटरचे साडेपाच टँकर.

आता त्याच बंगल्याचा हजार चौरस फुटांचा स्लॅब घ्या. नगर आणि आसपासच्या पठारी तालुक्यांत वर्षाला साधारण 500 ते 600 मिमी पाऊस पडतो. 550 धरला आणि त्यातला पाचवा हिस्सा उडून-सांडून गेला असं मानलं, तर स्लॅबवरून वर्षभरात सुमारे 41 हजार लिटर पाणी खाली येतं. बहुतेक घरांत ते पाइपातून फाटकाबाहेर जातं आणि तिथून गटारात.

थोडक्यात, लॉन चार महिन्यांत जेवढं पाणी पितं, तेवढं पाणी त्याच्याच मापाच्या छपरावर अख्ख्या वर्षात पडत नाही. जल जीवन मिशनमध्ये ग्रामीण भागात माणशी दिवसाला 55 लिटर पाणी देण्याचं प्रमाण ठरवलेलं आहे. त्या मापाने या एका लॉनचं रोजचं पाणी आठ माणसांचं पाणी आहे. आणि हा तोच जिल्हा, जिथे पारनेर, पाथर्डी, कर्जत, संगमनेरच्या पठारी गावांत दुष्काळी वर्षी लोक हंडे घेऊन टँकरची वाट बघतात.

या हिशेबावर दोन उपाय जोडीने सुचवले जातात. लॉन काढून तिथे या मातीतली झाडं-गवतं लावायची, आणि स्लॅबचं पाणी गटारात न सोडता अंगणातल्याच एका उथळ खोलगट वाफ्यात जिरवायचं. या वाफ्याला 'रेन गार्डन' म्हणतात.

पण मग लॉन आलं कुठून?

मऊ, एकसारखं कापलेलं हिरवळीचं मैदान ही इंग्लंडची आवड. 1830 मध्ये एडविन बडिंग या इंग्रज माणसाने गवत कापायचं यंत्र बनवलं आणि जहागीरदारांची ही चैन हळूहळू मध्यमवर्गाच्या अंगणात पोहोचली. 1803 मध्ये इंग्रजांनी नगरचा किल्ला घेतला, पुढे भिंगारला छावणी वसली. साहेबाचा बंगला, क्लब, मैदान यांच्यासोबत ही आवडही देशभरच्या छावण्यांमध्ये आली आणि साहेब गेल्यावरही टिकली.

गंमत म्हणजे लंडनला वर्षाला पडणारा पाऊस साधारण 600 मिमीच आहे. म्हणजे नगरपेक्षा फार वेगळा नाही! फरक एवढाच, की लंडनचा पाऊस बारा महिने थोडाथोडा भुरभुरतो आणि तिथलं ऊन कोवळं असतं. नगरचा पाऊस जून ते ऑक्टोबरच्या मोजक्या दिवसांत उरकतो, त्यातही मोठा वाटा बऱ्याचदा सप्टेंबरमध्ये. जुलै-ऑगस्टमध्ये खंड पडणं नेहमीचंच. पुढचे सात-आठ महिने आभाळ कोरडं. तिथे जे गवत आभाळाच्या भरवशावर हिरवं राहतं, ते इथे नळाच्या भरवशावर ठेवावं लागतं. आणि नगरचा नळ मुळा धरणाच्या पाण्यावर चालतो, ज्यावर शेतीचाही हक्क आहे.

इथे एक गोष्ट स्पष्ट केलेली बरी. लॉनमधलं सगळंच गवत परकं नसतं. 'कार्पेट लॉन' म्हणून विकली जाणारी मखमली जात बाहेरची आहे, पण जुन्या लॉनमधली हरळी ही आपलीच. गणपतीला वाहतो त्या दूर्वा त्याच. हरळी पाण्यावाचून मरत नाही, नुसती वाळून पडते आणि वळवाच्या पहिल्या सरीला पुन्हा फुटते. दोष गवताचा नाही, मे महिन्यातही ते हिरवं दिसलंच पाहिजे या हट्टाचा आहे.

या जिल्ह्याची मूळ 'हिरवळ' कशी दिसते?

ती बघायची असेल तर कर्जत तालुक्यातल्या रेहेकुरी काळवीट अभयारण्यात जावं. जेमतेम सव्वादोन चौरस किलोमीटरचं हे अभयारण्य म्हणजे दख्खनच्या पठारावरच्या गवताळ माळाचा जपलेला तुकडा. पावसाळ्यात तो पोपटी असतो, दिवाळीनंतर सोनेरी होतो, उन्हाळ्यात भुरा पडतो. गवत मेलेलं नसतं, त्याची मुळं जिवंत असतात. मारवेल, शेडा, पवन्या, कुसळी ही त्या माळावरची मंडळी.

सरकारी कागदोपत्री असे माळ बहुतेक वेळा 'पडीक' ठरले आणि त्यावर झाडं लावणं हे पुण्यकर्म झालं. गिरिपुष्प आणि सुबाभूळ लावून माळ 'हिरवा' करण्याचे कार्यक्रम अनेक ठिकाणी झाले. गवताची किंमत कळते ती दुष्काळात. 2013 मध्ये आणि पुन्हा 2019 मध्ये नगर जिल्ह्यात जनावरांसाठी चारा छावण्या उघडाव्या लागल्या. माळावर चारा नव्हता आणि शहरातल्या लॉनवर कापलेलं गवत कचऱ्याच्या गाडीत जात होतं. दोन्ही एकाच जिल्ह्यात.

हिवरे बाजारचा नियम अंगणाला लावला तर?

पाण्याच्या बाबतीत नगर जिल्ह्याला बाहेरून शिकायची फारशी गरज नाही. पारनेर तालुक्यातल्या राळेगणसिद्धीत 1975 नंतर अण्णा हजारेंच्या पुढाकाराने पाणलोटाचं काम उभं राहिलं. नगर तालुक्यातल्या हिवरे बाजारने 1989 मध्ये पोपटराव पवार सरपंच झाल्यावर तोच रस्ता धरला. 1972 च्या दुष्काळानंतर या गावातून लोक कामासाठी बाहेर पडले होते. गावाने डोंगरउतारावर सलग समतल चर खोदले, बांध घातले, चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी पाळली. शेतीसाठी बोअर घ्यायला बंदी केली. ऊस आणि केळी यांसारखी पाणी पिणारी पिकं बाजूला ठेवली.

यात सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे पाण्याच्या ताळेबंदाचा. पावसाळा संपला की किती पाऊस पडला आणि किती पाणी हाताशी आहे ते मोजायचं. पिण्याचं, जनावरांचं पाणी आधी राखून ठेवायचं. जे उरेल त्यावर रब्बीला काय पेरायचं ते ठरवायचं. कमी पाऊस झाला तर पीक बदलायचं.

लॉनचा क्रम याच्या अगदी उलटा असतो. आधी ठरतं की बारमाही हिरवं हवं, मग त्यासाठी पाणी शोधलं जातं. नळ पुरला नाही तर बोअर, बोअर आटली तर टँकर.

देशी झाडं आणि रेन गार्डन म्हणजे हिवरे बाजारचा तोच क्रम घराच्या कुंपणाच्या आत आणणं. आधी स्लॅबवर किती पडतं ते बघायचं, ते जिरवायचं, आणि त्यावर जे जगेल तेच लावायचं. मात्र एका बाबतीत गैरसमज नको. एका अंगणात पाणी जिरवल्याने त्याच घराच्या बोअरला पाणी वाढेल असं नाही. नगरच्या खाली काळा बेसॉल्ट खडक आहे, पाणी त्याच्या भेगांतून आणि वरच्या मुरमातून कुठे वाहत जाईल हे सातबारा बघून ठरत नाही. हिवरे बाजारला फरक दिसला कारण अख्ख्या गावाने अख्खा पाणलोट धरला. अंगणातला खात्रीचा फायदा आहे तो वाचलेल्या 56 हजार लिटरचा आणि रस्त्यावर न गेलेल्या पाण्याचा.

रेन गार्डन म्हणजे नेमकं काय?

नाव नवं आहे. 1990 च्या सुमारास अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यात, प्रिन्स जॉर्जेस काउंटीमध्ये लॅरी कॉफमन या अधिकाऱ्याने नव्या वसाहतीतलं पावसाचं पाणी मोठ्या तळ्यांत नेण्याऐवजी घरोघरच्या बागेतच मुरवायची कल्पना राबवली. तिथून हा शब्द जगभर गेला.

कल्पना मात्र आपल्याकडे कुणालाही ओळखीची वाटेल. जुन्या घरांत न्हाणीच्या मागे अळू, केळ, कर्दळ यांचा वाफा असायचा. न्हाणीचं पाणी तिकडे जायचं, वाया काही जायचं नाही. रेन गार्डन म्हणजे न्हाणीऐवजी स्लॅबच्या पाइपाला जोडलेला असा वाफा. फरक एकच: न्हाणीमागचा वाफा कायम ओला असायचा, हा वाफा पाऊस पडल्यावर भरतो, दिवस-दीड दिवसात रिकामा होतो आणि आठ महिने कोरडा असतो.

शेततळ्याशी त्याची गल्लत होते, म्हणून सांगायला हवं. शेततळ्यात पाणी साठवायचं असतं, त्यासाठी खाली प्लास्टिक अंथरतात. इथे पाणी साठता कामा नये. डब्याएवढी खोल टाकीही इथे नको. वाफा सहा इंच खोल पुरतो, तळ सपाट आणि कडा उतरत्या.

किती मोठा? हजार चौरस फूट स्लॅबवर एका झपाट्यात एक इंच पाऊस झाला तर 83 घनफूट पाणी येतं, म्हणजे साधारण 2,300 लिटर. सहा इंच खोल आणि 160 चौरस फुटांचा वाफा, म्हणजे 16 बाय 10, ते जवळपास सगळं पोटात घेतो. खोदाई निघते 80 घनफूट. उपसल्यावर माती फुगते, तेव्हा ट्रॉलीत ती ब्रासभर भरेल. ही माती बाहेर टाकायची नाही, उताराच्या बाजूला तिचाच बांध घालायचा.

त्याहून मोठा पाऊस आला तर? नगरला सप्टेंबरात तो येतोच. म्हणून बांधाच्या एका ठिकाणी दगड लावून सांडवा ठेवायचा, जादा पाणी तिथून रस्त्याच्या गटारात किंवा शोषखड्ड्यात जाईल. सांडवा नसलेलं रेन गार्डन पहिल्याच धुवाधार पावसात स्वतःचा बांध फोडून मोकळं होतं. आणि पाइपाचं तोंड वाफ्यात जिथे पडतं तिथे गोटे पसरायचे, नाहीतर माती उखडते. स्लॅबचं पाणी थेट बोअरमध्ये सोडण्याचा मोह अनेकांना होतो. गाळणीशिवाय तसं केलं तर स्लॅबवरची धूळ, कबुतरांची घाण सगळं भूजलात जातं.

काळ्या मातीत हे चालतं का?

नगरकरांचा हा पहिला प्रश्न असतो आणि तो बरोबर आहे. इंटरनेटवरचे बहुतेक व्हिडिओ भुसभुशीत मातीचे आहेत. नगरची काळी माती ओली झाली की फुगते, वाळली की हातभर भेगा पडतात, आणि फुगलेल्या अवस्थेत तिच्यातून पाणी फार सावकाश उतरतं.

म्हणून खोदाईच्या आधी एक साधी परीक्षा घ्यायची. जिथे वाफा करायचा तिथे एक फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट खोल खड्डा घ्या. काठोकाठ पाणी भरा आणि ते जिरू द्या. भेगांमधून पहिलं पाणी पटकन पळतं, त्यावर विश्वास ठेवायचा नाही. दुसऱ्यांदा भरा, एक काठी उभी करा आणि दर तासाला किती उतरलं त्याची खूण करा. तासाला अर्धा इंच किंवा जास्त उतरत असेल तर सहा इंचांचा वाफा बारा तासांत रिकामा होईल, चिंता नाही. तासाला पाव इंच असेल तर एक दिवस लागेल, तेही चालेल. त्याहून कमी असेल तर आहे त्या मातीत रेन गार्डन होणार नाही, डबकं होईल.

अशा वेळी काय करतात? नगरच्या बऱ्याच भागात काळ्या मातीचा थर दोन-चार फुटांचाच असतो आणि खाली मुरूम लागतो. वाफ्याच्या मध्यभागी मुरमापर्यंत खड्डा घेऊन तो जाड वाळू, खडी आणि वर कंपोस्ट मिसळलेल्या मुरमाड मातीने भरला की पाण्याला खाली जायला वाट मिळते. काळ्या मातीत घमेलंभर वाळू कालवून ती 'भुसभुशीत' करायचा प्रयत्न मात्र करू नये. चिकणमातीत थोडी वाळू म्हणजे वाळल्यावर विटेसारखा टणक थर. मुरूम सात-आठ फूट खाली असेल तर खोली कमी करून, तीन-चार इंचांवर आणून, वाफा पसरट करणं बरं.

काळ्या मातीमुळेच आणखी एक नियम कडक पाळावा लागतो. वाफा घराच्या पायापासून किमान दहा फूट लांब हवा. फुगणारी-आकसणारी माती पायाजवळ ओली-कोरडी होत राहिली तर भिंतींना तडे जातात. शेजाऱ्याच्या पायापासूनही तेवढंच अंतर. सेप्टिक टँकजवळ, मोठ्या झाडाच्या मुळांवर किंवा पिण्याच्या पाण्याच्या हौदालगत हा वाफा करायचा नाही. ज्या प्लॉटवर बांधकाम सोडून चारी बाजूंना पाच-पाच फूटच जागा आहे, तिथे रेन गार्डनचा नाद सोडून टाकीत पाणी साठवणं शहाणपणाचं.

डास आणि साप

घरात विषय काढला की विरोध इथूनच होतो. डेंग्यू पसरवणाऱ्या डासाला अंड्यापासून उडता डास व्हायला साधारण आठवडा ते दहा दिवस लागतात. वाफा दोन दिवसांत रिकामा झाला तर अळ्या पाण्याबरोबरच संपतात. म्हणजे धोका वाफ्यात नाही, न जिरणाऱ्या वाफ्यात आहे. दोन दिवसांनंतरही पाणी दिसलं तर तळातला गाळ खरवडायचा. डास शोधायचे तर कुंडीखालच्या बशा, टायर आणि कूलर आधी तपासावेत, तिथलं पाणी महिनोन् महिने हलत नाही.

सापांची भीती खोटी नाही. नाग आणि घोणस दोन्ही या भागात आहेत. पण साप गवतासाठी येत नाही, उंदरांसाठी येतो, आणि राहतो तो विटांच्या ढिगात, रचलेल्या दगडांत, पडलेल्या लाकडांखाली. म्हणून 'नैसर्गिक' दिसावं म्हणून रेन गार्डनभोवती दगडांच्या राशी लावायच्या नाहीत. दारापासून, पायवाटेपासून चार-पाच फूट पट्टा मोकळा किंवा अगदी बुटक्या वनस्पतींचा ठेवायचा, उंच गवत कुंपणाकडे. घरात रांगतं मूल असेल तर हा नियम ढिला करायचा नाही.

लावायचं काय?

'देशी' या शब्दात थोडी फसगत आहे. सीतेचा अशोक देशीच, सोनचाफाही देशीच, पण ते दमट हवेतले. त्यांना नगरच्या माळावर लावलं तर पुन्हा पाणी घालत बसावं लागतं. उलट ज्यांना आपण आपलं समजतो त्यांतलं बरंच बाहेरचं आहे. गुलमोहर आणि सदाफुली मादागास्करची, बोगनवेल दक्षिण अमेरिकेची, टणटणी अमेरिकेची. दसऱ्याच्या तोरणातला झेंडूसुद्धा मूळचा मेक्सिकोचा! म्हणून कुणी झेंडू उपटावा असं नाही. तो पसरून माळ गिळत नाही. टणटणी, गाजरगवत आणि वेडी बाभूळ गिळतात, ती मात्र काढायची.

मग या जिल्ह्याला शोभणारी यादी कुठे मिळेल? एक तयार यादी घरोघरी आहे: गणपतीला वाहायची पत्री. दूर्वा, आघाडा, रुई, शमी, निर्गुडी, बोर, विष्णुक्रांत, डोरली, बेल, अर्जुन. देवदारासारखे दोन-चार अपवाद सोडले तर पत्रीतली बहुतेक नावं दख्खनच्या माळावर, ओढ्याकाठी, बांधावर सापडणारी आहेत. नगरच्या अंगणासाठी याहून चांगली सुरुवात नाही.

वाफ्याच्या तळाला अशी झाडं हवीत ज्यांना दोन दिवस पाण्यात पाय आणि पुढे आठ महिने कोरड दोन्ही सोसेल. निर्गुडी यात सगळ्यात वरची. ओढ्याकाठची असल्याने तिला दोन्हीची सवय आहे. वाळा हे दुसरं. त्याची मुळं खोल उभी जातात आणि माती धरतात. जमिनीलगत पसरायला जलपिंपळी, जिच्यावर चालता येतं आणि जी बारीक जांभळट-पांढऱ्या फुलांवर लहान फुलपाखरं बोलावते. लॉनसारखं काहीतरी हवंच असेल तर तिचाच विचार करावा. उतारावर मारवेल आणि रोशा गवत. कर्दळ पाण्यात छान वाढते, पण ती मूळची अमेरिकेची आणि उन्हाळ्यात पाणी मागते.

वाफ्याबाहेर, कोरड्या जागी, तरवड. नगर-पुणे किंवा नगर-सोलापूर रस्त्याच्या कडेला पिवळ्या फुलांनी भरलेलं जे झुडूप दिसतं ते हे. त्याला शेळीही तोंड लावत नाही आणि पाणीही लागत नाही. कुंपणाला करवंद: काटे आणि फळं दोन्ही. अडुळसा, कोरांटी, शतावरी. झाड एखादंच लावायचं असेल तर आपटा. दसऱ्याला त्याच्या नावाने भलत्याच झाडाची पानं खपवली जातात, खरा आपटा ओळखणारं एक घर तरी गल्लीत असावं. मोठी जागा असेल तर बहावा, पळस, हिवर.

रुई लावली तर तिच्या पानांवर पट्टेरी सुरवंट दिसतील. फवारणी करू नये. तेच पुढे केशरी-काळं फुलपाखरू होतं आणि त्याच्या अळीला खायला रुईसारख्या चिकाच्याच वनस्पती लागतात. चीक डोळ्यात गेला तर इजा होते, त्यामुळे रुई मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून दूर. कळलावीचं फूल कितीही सुंदर असलं तरी तिचा कंद जहाल विषारी आहे, लहान मुलं असलेल्या घरी ती नकोच.

रोपं कुठून आणायची? वनविभाग आणि सामाजिक वनीकरणाच्या रोपवाटिकांत आपटा, बहावा, करंज, निर्गुडी अशी रोपं माफक दरात मिळतात. गवताचं ठिकाण मात्र राहुरी. 1968 मध्ये स्थापन झालेल्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने मारवेलच्या सुधारित जाती काढल्या आहेत. त्या चाऱ्यासाठी आहेत, पण अंगणालाही चालतात. मारवेल ठोंबांपासून लागतो. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यातून किंवा माळावरून कंद-रोपं उपटून आणणं हा गुन्हाही आहे आणि मूर्खपणाही. डोंगरावरची बहुतेक रोपं खाली जगत नाहीत.

लॉनच्या जागेतला एक कोपरा परसबागेला देता येतो. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी वाल, घेवडा अशा पिकांच्या गावरान वाणांचं बियाणं जपलं, त्याची सुरुवात अशाच घराजवळच्या जागेतून झाली. 2020 च्या पद्मश्रीच्या यादीत त्यांचं आणि पोपटराव पवारांचं नाव एकत्र होतं. वालाचा वेल मांडवावर चढवला तर स्वयंपाकघरात भाज्या धुतलेल्या पाण्यावर तो निघून जातो.

लॉन काढायचं कसं?

कार्पेट लॉन सोपं. ते चटईसारखं सोलून निघतं. हरळी मात्र शेतकऱ्यालाही पुरून उरलेली आहे. तिची खोडं जमिनीखाली फूटभर जातात आणि बोटभर तुकडा राहिला तरी नवं झाड. त्यामुळे ट्रॅक्टर किंवा रोटाव्हेटर फिरवणं म्हणजे एकाची शंभर करणं.

नगरच्या उन्हाचा इथे उपयोग होतो. एप्रिलमध्ये पाणी बंद करून गवत तळापासून कापायचं, कुदळीने मुळं वेचून उन्हात टाकायची. मग जमीन एकदा ओली करून त्यावर पारदर्शक प्लास्टिक ताणून कडा मातीने बंद करायच्या. चार ते सहा आठवडे. खाली माती इतकी तापते की वरच्या थरातलं गवत आणि त्याचं बी मरतं. दुसरी पद्धत आळशी पण कमी त्रासाची: खोक्यांचे पुठ्ठे एकावर एक अंथरून त्यावर वीतभर उसाचं पाचट. श्रीरामपूर, राहाता, कोपरगाव पट्ट्यात ते शेतात जाळलं जातं, मागितलं तर कुणीही देतं. कोणत्याही पद्धतीने पहिली दोन वर्षं हरळी डोकं वर काढणारच. दिसली की उपटायची.

खोदाई मे महिन्यात उरकून मृगाच्या पहिल्या दोन-तीन चांगल्या पावसांनंतर, ओल वीतभर गेली की लागवड. पेरणीचा जो नियम शेतकरी पाळतो तोच. एका वळवाला भुलून रोपं लावली आणि पुढे तीन आठवडे खंड पडला तर सगळं जातं.

लॉन नको म्हणून काही जण पेव्हर ब्लॉक बसवतात, काही प्लास्टिकचं गवत. पाणी वाचतं हे खरं. पण ब्लॉकवरून पाणी जिरत नाही, अंगणातलंही पाणी रस्त्यावर येतं, आणि मे महिन्यात प्लास्टिकच्या गवतावर अनवाणी पाय ठेवून बघावा. त्यापेक्षा लॉन परवडलं, असं म्हणायची वेळ येते. अंगणात मोठा गुलमोहर असेल तर तो परका आहे म्हणून तोडायला निघू नये. त्याची सावली कामाची आहे, आणि शहरी हद्दीत 1975 च्या वृक्षतोड कायद्याप्रमाणे परवानगीशिवाय झाड तोडता येत नाही.

आणि ते दिसतं कसं?

पहिल्या वर्षी वाईट. हे आधीच माहीत असलेलं बरं, कारण बहुतेक लोक इथेच माघार घेतात. रोपं वीतभर, मधे उघडी माती, पाचटाचे पसारे. शेजारी विचारतात, "बागेकडे लक्ष नाही का हल्ली?" पहिल्या उन्हाळ्यात झुडपांना आठ-दहा दिवसांतून एकदा बादलीभर पाणी द्यावं लागतं, दुसऱ्या उन्हाळ्यात पंधरा-वीस दिवसांतून. तिसऱ्या वर्षी मुळं खाली गेलेली असतात आणि बहुतेक झाडांना पाण्याची गरज उरत नाही.

मे महिन्यात मात्र तिसऱ्या वर्षीही ही बाग हिरवीगार नसेल. गवत भुरं पडेल, करवंद आणि निर्गुडी तेवढी तग धरून दिसतील. ज्यांना ते सोसणार नाही त्यांनी दाराजवळ खाटेएवढा हरळीचा तुकडा ठेवावा. 25 चौरस फुटांच्या तुकड्याला दिवसाला बारा लिटर पाणी पुरतं, भाज्या-तांदूळ धुतलेल्या पाण्यात ते भागतं.

गवत वर्षातून एकदा, बी पडून गेल्यावर, डिसेंबरात कापायचं. मारवेलचा चारा जवळच्या गोठ्यात कुणीही आनंदाने नेतो. माळावरची कुसळी अंगणात शिरली असेल तर ती फुलायच्या आधीच काढावी, कारण तिची कुसळं कपड्यांत, मोज्यांत आणि कुत्र्याच्या कानात घुसतात आणि निघता निघत नाहीत.